सात ते दोन, रायबंदर

आमची बोट कुठंच जात नाही.
मांडवीत नांगर टाकून रात्रभर लखलखते
आणि तिच्या पोटात मी पत्ते वाटतो.
तिथं घड्याळ नाही, खिडकी नाही.
जांभई आली तर हाताआड,
जणू हरल्याची कबुली.

पहाटे होडी धक्क्यावर सोडते,
मग स्कूटर, मग लांबलचक बांध.
डावीकडे नदी, उजवीकडे मिठागरं,
पापण्यांच्या आत अजून लाल-काळं, लाल-काळं.
याच बांधावर एकदा
चालत्या स्कूटरवर झोपलो मी.
किती? दीड सेकंद असेल.
जागा झालो तेव्हा हँडल खारफुटीकडे वळलेलं
आणि एक बगळा माझ्याकडे बघत होता,
एका पायावर,
सगळी रात्र नीट झोपलेला.

कायतानबाबला सांगितलं हे. घरमालक माझा.
खाली त्याची भट्टी, वर माझी खोली.
तो पाटीत उंडे मोजत होता.
मोजणी न चुकवता म्हणाला,
"दिसाक कितलें न्हिदता रे?"
म्हटलं, जमेल तसं.
कधी तीन तास, कधी होडीत बसल्या बसल्या,
सुट्टीला एकदम बारा.
हसला नाही तो.
शेवटच्या खेपेच्या पिठावरचं ओलं फडकं उचललं,
"पिठाक 'जमेल तसं' सांगल्यार
उंडो फुगता?"

एकतीस वर्षं झाली,
पीठ मळून रात्री आठला त्याचं दार बंद.
पुतण्याच्या लग्नात बँड ऐन रंगात आलेला,
यानं टाय सोडला आणि चालू लागला.
इस्पेरांसबाई मागं राहून नाचल्या,
कुणाकुणाबरोबर ते अजून सांगत नाहीत.

मग मीही ठरवलं. सकाळी सात ते दुपारी दोन.
खिडकीला युनिफॉर्मचा जुना काळा कोट,
फोन खाली, पावाच्या फळीवर.
पहिला आठवडा फुकट गेला.
मासळीवाल्याचा भोंगा, चोडणची फेरी,
शेजारी टाइल्स कापणारा कुणी,
आणि छताकडे बघत मी
बावन्न पत्ते पुन्हा पुन्हा पिसतोय.

दहाला आईचा फोन, साखळीहून.
इस्पेरांसबाई जिना चढून धापा टाकत घेऊन आल्या.
"बरं नाही का तुला? सूर्य डोक्यावर आला!"
आमच्या घरी दिवसा आडवं होणं
म्हणजे ताप, नाहीतर लाज.
म्हटलं, आई, माझी रात्र आता सातला सुरू होते.
पलीकडे बराच वेळ नुसता कुकर ऐकू येत राहिला.
आता ती अडीचला करते फोन,
"झाली का रे तुझी रात्र?"

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस
भोंगा वाजला म्हणे, मी ऐकलाच नाही.
उठलो तर गालावर उशीची घडी
आणि कडकडून भूक.
बस्स, एवढंच. स्वप्नबिप्न काही नाही.

पुढच्याच शुक्रवारी मित्राचा वाढदिवस, मोडलं सगळं.
शनिवारी एका गिऱ्हाइकाला पत्ता जास्तीचा गेला,
सुपरवायझरनं नुसतं पाहिलं.
रविवारी सातला
कोट पुन्हा खिडकीला.

काल मध्यरात्री टेबलावर बेळगावचा एक जण,
डोळे कडांना सोललेले, तिसरी रात्र त्याची.
विचारतो कसा, "बाहेर रात्र आहे की सकाळ?"
आम्ही वेळ सांगायची नसते.
रायबंदरात त्या क्षणी
ओल्या फडक्याखाली पीठ झोपलेलं असणार,
कायतानबाब उठायला अजून तास.
मी पत्ता वाटला.
तो हरला,
खुर्ची पुढं ओढून पुन्हा बसला.